चिवड्याचं पथ्य

वॉटफर्ड, ९ नोव्हेंबर

बाबा,

साष्टांग नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते बाजूला ठेवाल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते: चिवडा आजारी आहे. हे पत्र त्याच्याबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही.

उन्हाळ्यापासून तो फार पाणी पीत होता. मला वाटलं, वय झालं, पितोय. मग वजन उतरलं. मागच्या आठवड्यात व्हेटकडे नेलं. हेलन तिचं नाव, तरुण आहे, पण घाई करत नाही. तिने रक्त आणि लघवी तपासली. दोन्ही किडन्या बऱ्याच गेल्या आहेत. रिपोर्टची प्रत सोबत ठेवली आहे. तुम्ही भूल देणारे डॉक्टर, किडनीचे नव्हे, आणि पेशंट कुत्रा आहे, हे मला कळतं. पण हे आकडे आपल्या घरात तुमच्याइतके कुणी वाचलेले नाहीत.

अडचण खाण्याची आहे. किडनीसाठी जे खास अन्न मिळतं त्यात प्रोटीन आणि फॉस्फरस कमी, पण ती कसर भरून काढायला चरबी जास्त असते. आणि चिवड्याचं स्वादुपिंड नाजूक, चरबी त्याला चालत नाही. त्या दिवाळीत कुणी पाहुण्याने प्रेमाने चकल्या चारल्या आणि आपण त्याला टॉवेलात गुंडाळून इमर्जन्सीला नेलं होतं, आठवत असेल. स्वादुपिंडासाठीचं अन्न द्यावं तर त्यात प्रोटीन भरपूर. एकाला सांभाळावं तर दुसरं बिघडतं. हेलन म्हणते, आधी किडनी बघू. मी हो म्हणून आले. घरी येऊन टेबलावर दोन्ही डबे ठेवले आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाचत बसले. तुम्ही काय निवडलं असतंत?

आईनंतर तुम्ही जय-साराकडे राहायला गेलात, पण त्यांच्या मायराच्या दम्यामुळे चिवड्याला तिकडे नेता आलं नाही, म्हणून तो माझ्याकडे आहे. पण तो तुमचा आणि आईचा. मी त्याला सांभाळते एवढंच. म्हणून विचारते.

फोन तुम्ही उचलत नाही. मी मँचेस्टरला कॉलेजात होते तेव्हा दर आठवड्याला मराठीतून पत्र आलंच पाहिजे असा तुमचा नियम होता. माझं पत्र ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारून परत यायचं. आता तुम्ही मँचेस्टरला आणि मी इथे. लाल पेनाने परत पाठवलंत तरी चालेल.

मालविका


वॉटफर्ड, २७ नोव्हेंबर

बाबा,

उत्तर नाही. तुम्ही पत्र वाचलंत एवढं जयकडून कळलं. रिपोर्ट चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलाय म्हणाला. त्यावर किती भिस्त ठेवायची ते मला ठरवता येत नाही.

चिवडा किडनीचं अन्न खात नाही. पहिल्या दिवशी वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून बसला. कोमट करून दिलं. दुसऱ्या चवीचं आणलं. ओलं, कोरडं, ओल्यात कोरडं. शेजारची मॉरीन म्हणाली, थोडं चिकन वर घाल. घातलं. त्याने चिकनचे तुकडे इतके नेमके वेचून खाल्ले की खाली अन्न जसंच्या तसं राहिलं. जयला सांगितलं तर तो म्हणतो, "ताई, चिवडाला खरी चिवडा दे, प्रॉब्लेम फिनिश." त्याच्या मराठीला आपण हसलो असतो एकेकाळी, एका टेबलाशी बसून.

मग हेलनने प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून घरी शिजवायची कृती मागवून दिली. पांढरा भात, अंड्याचं फक्त पांढरं, थोडी भाजी, एक पावडर. सगळं ग्रॅममध्ये. तुमच्या घरातून आलेली खोकी मी अजून नीट लावलेली नाहीत. वजनकाटा शोधताना तुम्ही आईचं जेवण मोजायचात तोच सापडला. निळा, ज्याचं एक बटण दोनदा दाबावं लागतं. भाजी म्हणून बटाटे बारीक चिरून उकळले, पाणी ओतून दिलं, पुन्हा उकळले, पुन्हा ओतलं. कृतीत असं नव्हतं. माझ्या हातांनी आपोआप केलं. कारण आईच्या किडन्या गेल्यावर वर्षभर दर शनिवारी मी येऊन बसायचे आणि तुम्ही सिंकपाशी पाठमोरे उभे राहून आईचे बटाटे असेच दोनदा उकळायचात.

आता तो विषय आलाच आहे तर टाळत नाही. तेराव्याला रिवाजाप्रमाणे आईच्या आवडीचं केलं होतं. चिंच-गुळाची आमटी. तुम्ही स्वतः तिच्या पानात वाटी ठेवलीत, आणि मी पंधरा माणसांत म्हणाले, "मेल्यावर मिळाली तिला. वर्षभर उपाशी होती ती या घरात." तुम्ही वाटी सरळ केलीत आणि वर निघून गेलात. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

ते वाक्य मागे घ्यायला मी हे लिहीत नाहीये. मी रोज तपासून बघते, खोटं होतं का? आई मागायची. "आमटी करा हो एकदा," म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचात, "पोटॅशियम उतरू दे." मी हे कानाने ऐकलंय. ते खोटं नव्हतं. पण काल मी चिवड्याच्या भातात मीठ घातलं नाही, आणि तो वाडग्याकडे न बघता निजला, तेव्हा त्या स्वयंपाकघरात मी एकटी उभी होते आणि मला तुमची पाठ आठवली. यातून काय निष्कर्ष काढायचा ते मला ठाऊक नाही. काढत नाही.

वजन आणखी उतरलंय. काय देऊ?

मालविका


वॉटफर्ड, १५ डिसेंबर

बाबा,

आज चांगली बातमी आहे. तो खातोय. आणि ते तुमच्यामुळे, तुम्ही काही न सांगता.

रविवारी जयचा फोन आला होता. बोलता बोलता तुमची तक्रार करत होता, म्हणजे प्रेमाने. "बाबा टेबलवर भाताचे छोटे छोटे डॉट्स ठेवतात, ताई. पाणी फिरवतात. सारा पुसून टाकते, तिला वाटतं सांडलं. मग बाबा जेवण झाल्यावर तिथे बघत बसतात."

मी फोन ठेवला आणि खुर्चीवरच बसून राहिले. चित्राहुती. तुम्ही जन्मभर जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या हाताला भाताची शितं मांडत आलात, आणि चिवडा घरात आल्यापासून जेवण संपलं की ती शितं त्याची. तो टेबलाखाली हलायचा नाही, की भुंकायचा नाही. तुम्ही उठलात की त्याचा घास आणि मगच त्याचा वाडगा. आपण सगळे म्हणायचो, काय शिस्तीचा कुत्रा. माझ्याकडे आल्यापासून तो आधीच कमी खायचा. मला वाटलं, आईचं दुःख करतो, तुम्ही दिसत नाही म्हणून रुसलाय. नंतर वाटलं, आजारामुळे. आणि मी काय करत होते? ऑफिसातून येऊन त्याचा वाडगा खाली ठेवायचे आणि स्वतः उभ्या उभ्या टोस्ट खायचे. त्याच्या हिशेबी घरात जेवणच झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पान वाढून टेबलाशी बसले. बायका चित्राहुती घालत नाहीत असं तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. मी घातली. मंत्र येत नाहीत, गप्प राहिले. आणि भाताऐवजी मांडलं काय, तर डब्यातलं किडनीचं अन्न, वाटाण्याएवढ्या गोळ्या करून. चिवडा कोपऱ्यातून उठला. मागचे पाय थरथरतात हल्ली, तरी आला आणि टेबलाखाली त्याच्या जागी बसला. मी घाईघाईने जेवायला लागले, मग वाटलं त्याला फसवल्यासारखं होईल, म्हणून नीट जेवले. शेवटी गोळ्या तळहातावर घेऊन खाली धरल्या. सगळ्या खाल्ल्या. मग वाडगाही जवळजवळ संपवला.

मी खूप रडले. मॉरीन बघायला आली, मी तिला म्हटलं कांदा चिरत होते. टेबलावर कुत्र्याचं अन्न मांडलेलं बघून तिला काय वाटलं असेल कोण जाणे. ती सभ्य बाई आहे, काही विचारलं नाही.

आठवडाभर असं चाललंय. मीही दोन वेळा बसून जेवते.

साराला मी जयकरवी सांगितलंय, पुसू नकोस म्हणून.

मालविका


वॉटफर्ड, १९ जानेवारी

बाबा,

पुन्हा बिघडलं. सकाळी पिवळं ओकतो. मळमळ थांबायचं औषध चालू आहे, कातडीखाली सलाईन मी स्वतः देते, हेलनने शिकवलं. तुम्ही बघितलं असतंत तर सुई कशी धरायची ते सुधारून दिलं असतंत. टेबलाखाली अजूनही येऊन बसतो. पण हात खाली धरला की वास घेतो आणि मान वळवतो. मग माझ्या मनगटावर एकदा जीभ फिरवतो, जसं काही माफी मागतोय. हे माझ्या मनाचे खेळ आहेत हे मला माहीत आहे.

नवे आकडे पाठवते. तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

हेलनने आज जवळ खुर्ची ओढून सांगितलं की आता पथ्याचा हट्ट सोडा. जे खाईल ते द्या. किडनीचं अन्न हे खाणाऱ्या कुत्र्यासाठी असतं. आणि पुढचंही बोलली, की कुठलं अन्न हा प्रश्न आता फार दिवस राहणार नाही, मी त्याच्या पुढच्या प्रश्नाचा विचार करायला लागावं. मी विचारलं, तुमचा कुत्रा असता तर? ती म्हणाली, मी अजून थोडे दिवस त्याला आवडतं ते खाऊ घातलं असतं, आणि मग घरीच, इंजेक्शन देऊन, शेवट केला असता.

जे आवडतं ते म्हणजे काय, बाबा? मला माहीत आहे ते. आपल्या घरात आमटी उकळायला लागली की तो जिन्यावरून खाली यायचा. आई त्याला दाराबाहेर घालवायची आणि मग स्वतःच वाटीत भात कालवून द्यायची. काल मी स्वतःसाठी आमटी टाकली होती. तो आला. पातेल्याखाली उभा राहिला, नाक वर करून. आणि मी पातेलं आतल्या शेगडीवर सरकवलं. डाळ, म्हणजे फॉस्फरस. मीठ. हेलन सांगून चुकली आहे, मी हो म्हणून आले आहे, तरी माझा हात थांबला नाही. डाव्या हाताने पातेलं सरकवलं आणि उजव्या हाताने त्याचं डोकं थोपटलं.

एक गोष्ट मी तेराव्याला बोलले नव्हते. त्या वर्षी तुम्हीही आमटी सोडली होतीत. तिच्यासमोर तिचंच जेवण जेवायचात. मला ते दिसत होतं. माझं वाक्य त्याने बदलत नाही, असं मी तेव्हा ठरवलं आणि आजही मला नक्की सांगता येत नाही की बदलतं. तुम्ही न खाल्ल्याने तिची भूक कशी भागेल? पण पातेलं सरकवणारा हात कसा असतो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

देऊ का त्याला आमटी? दिली आणि त्याने अजून दोन आठवडे काढले असते ते चारच दिवस काढले, तर? नाही दिली आणि तसाच गेला, तर? तुम्ही म्हणाल ते करीन. हे लिहिलं आणि लगेच वाटलं, हे पूर्ण खरं नाही. तुम्ही काहीतरी म्हणायला हवंय मला. ते काय हे दुय्यम आहे.

मालविका


वॉटफर्ड, २५ जानेवारी

बाबा,

तुमचा फोन आला तेव्हा मी बागेत चिवड्याला उचलून उभी होते. तुम्ही बोललात ते मी डायरीत उतरवून ठेवलं. इथेही लिहिते, म्हणजे मी बरोबर ऐकलं की नाही ते तुम्हाला तपासता येईल.

तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. म्हणालात, "वजन किती आहे आता?" मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हं." पाठीमागे मायरा पियानो वाजवत होती, तेच तेच. मग तुम्ही दार लावल्याचा आवाज आला.

"तुला वाटतं मी तिला आमटी दिली नाही," तुम्ही म्हणालात.

मी चिवड्याला गवतावर खाली ठेवलं.

"दिली होती. गणपती गेल्यावर. तू नव्हतीस. तिने फार धरलं, म्हणून मी केली. तिच्या पद्धतीने. चिंच, गूळ, गोडा मसाला, मीठ नेहमीचं. कुठल्याही आकड्याकडे बघितलं नाही मी त्या दिवशी."

"मग?"

"एक घोट घेतला आणि म्हणाली, अहो, अळणी आहे. मी चाखून बघितली. मीठ बरोबर होतं, मालू. तिची चव गेली होती. युरिया त्या पातळीला गेला की जाते. पुस्तकात असतं ते."

मालू तुम्ही मला किती वर्षांनी म्हणालात ते मी मोजत बसले नाही. मी विचारलं, तुम्ही तिला काय सांगितलंत?

"सांगितलं, हो, मीठ घातलं नाही मी. पथ्य आहे तुझं. तर रागावली माझ्यावर. म्हणाली, दगड आहात. मला बरं वाटलं. पथ्यावर रागावलेलं माणूस बरं होण्याची वाट बघत असतं. म्हणून मग मी पुन्हा काटा काढला. शेवटपर्यंत रोज तिच्यासमोर वजन करत होतो. तिला वाटत राहावं की चव मी काढून घेतलीय, पथ्य सुटलं की परत येईल."

मी म्हणाले, मला का नाही सांगितलंत? तेराव्याला तरी?

तुम्ही म्हणालात, "तुला काय सांगणार होतो? तुझी आई उपाशी नव्हती, तिला आमटीच कळत नव्हती? तुझ्या मनात ती आमटी मागत मागत गेली. राहू दे, म्हटलं. माझ्यावर रागाव."

तुमच्या मागचा पियानो थांबला होता.

मग तुम्ही डॉक्टरच्या आवाजात म्हणालात, चिवड्याला दे आमटी, खाईल ते दे, खायचा थांबला की त्या बाईला बोलाव. मी म्हटलं, तुम्ही या, बाबा, जय सोडेल. तुम्ही म्हणालात, "नाही. ते मला दुसऱ्यांदा बघायचं नाही. शेवटी काय खाल्लं त्याने, तेवढं मात्र कळव." आणि फोन ठेवलात.

बाबा, मी चुकले असं सोपं वाक्य लिहायला बसले होते. जमत नाही. मी जे ऐकलं होतं त्यावरून बोलले, आणि मला काय ऐकू यावं ते तुम्हीच ठरवलं होतंत. त्याचा मला राग येतोय. आणि तुम्ही त्या घरात तिच्यासमोर रोज दगड होऊन उभे होतात, याचं जे काही होतंय त्याला राग म्हणता येत नाही.

उद्या आमटी करते.

मालविका


वॉटफर्ड, ३० जानेवारी

बाबा,

चिवडा काल दुपारी गेला. हेलन घरी आली होती. त्रास झाला नाही. माझ्या मांडीवर डोकं होतं. भूल देणाऱ्या माणसाला सांगायला नको, पहिल्या इंजेक्शननंतर त्याचा श्वास असा मोकळा झाला की मला क्षणभर वाटलं, तो बरा होतोय.

शेवटी त्याने काय खाल्लं ते तुम्ही विचारलं होतंत. हे पत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की आमटी-भात त्याने चाटूनपुसून खाल्ला, वाटी जमिनीवर सरकत सरकत फ्रीजपर्यंत नेली, पूर्वी न्यायचा तशी. अक्षर फार सुंदर आलं होतं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, कोट घातला. टपालपेटीपाशी जाऊन परत आले आणि फाडलं.

त्याने खाल्लं नाही, बाबा.

सव्वीस तारखेला केली, तेव्हा तो स्वयंपाकघरापर्यंत आला होता. भात मऊ कालवला, बोटाने त्याच्या ओठाला लावला. त्याने जीभ फिरवली, थांबला, जसं काही आठवायचा प्रयत्न करतोय, आणि मग वाटीच्या कडेवर हनुवटी टेकून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी ताजी केली. तेव्हा उठलाही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी मी हेलनला फोन केला. त्याला मी काय सांगणार होते? कुत्र्याला खोटं सांगता येत नाही. माझ्यावर रागाव असंही सांगता येत नाही.

तुम्हाला खोटं लिहिलं असतं तर तुम्ही ते मानलं असतंत की नाही, कुणास ठाऊक. बहुतेक ओळखलं असतंत आणि मला तसं दाखवलं नसतंत. मग एक खोटं तुमच्याकडे आणि एक माझ्याकडे असं राहिलं असतं. आपल्या घरात तेवढं पुरे झालं. आई जशी जेवली नाही तसाच तोही जेवला नाही, पथ्याने नाही आणि पथ्य सोडूनही नाही. आपण दोघांनी नीट शिजवलं होतं. हे आता आपल्या दोघांनाही माहीत आहे.

हेलन गेल्यावर मी त्याला पांघरूण घातलं, न्यायला माणसं यायची होती. स्वयंपाकघरात आले तर पातेलं तसंच होतं. मला भूक लागली होती, खरोखरची, पोटातून, आणि तिची लाज वाटली. तरी बसले आणि जेवले.

रविवारी मी मँचेस्टरला येतेय. जयला कळवलंय, सारालाही. सकाळची ट्रेन आहे, जेवायच्या वेळेला पोचेन. तुम्हाला बोलायचं असेल तर बोलू. नसेल, तर नुसतं जेवू.

मालू